गर्दीतला फोन आणि रांगेतले अँटेना

कल्पना करा. अनंत चतुर्दशीची रात्र आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. ढोल-ताशांनी कानठळ्या बसताहेत. तुम्ही धाकट्या बहिणीचा हात घट्ट धरून उभे आहात. तेवढ्यात मागून एक रेटा येतो, हात सुटतो आणि बघता बघता ती गर्दीत दिसेनाशी होते!

घाबरू नका. तिच्याकडे फोन आहे, तुमच्याकडेही आहे. तुम्ही घाईघाईने फोन काढता. पडद्यावर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या! तिचा नंबर लावता... काहीच होत नाही. पुन्हा लावता. पुन्हा तेच.

रेंज आहे, मग फोन का लागत नाही?

वर्गात बाई शिकवताहेत आणि साठच्या साठ मुलं एकदम ओरडून प्रश्न विचारताहेत, असं समजा. बाईंना ऐकू येत नाही का? चांगलं येतं! पण सगळ्यांचंच एकदम येतं, त्यामुळे कुणाचंच कळत नाही. मोबाइलच्या टॉवरचं तसंच होतं. काड्या सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत नीट पोचतोय. पण त्याच टॉवरकडे त्याच क्षणी हजारो जण बोलायला बघताहेत, हे काड्या सांगत नाहीत. हवेतून बोलायला प्रत्येक कंपनीला लहरींचा ठरावीक पट्टाच मिळालेला असतो. नळ एक आणि हंडे हजार, अशातली गत!

मग यावर उपाय काय? नळ वाढवता येतील का? दोस्तांनो, याचं उत्तर एका साध्या तारेच्या तुकड्यात दडलेलं आहे. चला, ते शोधू या.

गच्चीवरची धांदल

तुमच्या आई-बाबांना विचारा, लहानपणी टीव्ही बघताना गच्चीवर कोण चढायचं? ते नक्की हसतील. घरोघरी गच्चीवर एक आडव्या नळ्यांचा अँटेना असायचा. वारा सुटला, कावळा बसला, की त्याचं तोंड फिरायचं आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या! मग दादा गच्चीवर, ताई खिडकीत आणि आजोबा टीव्हीसमोर. “आलं का?” “नाही!” “आता?” “आलं, आलं... अरे, गेलं परत!” पुण्यातले बहुतेक अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असायचे, कारण दूरदर्शनचा मनोरा तिथे होता. दूरदर्शनचं ते जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण आता जवळपास सगळीकडे बंद झालं आहे. पण त्या अँटेनाने दोन धडे शिकवून ठेवले आहेत.

पहिला धडा : अँटेनाला दिशा असते. दुसरा धडा : एक नळी जे करू शकत नाही, ते नळ्यांची रांग करू शकते.

हा अँटेना जपानमधल्या सेंदाई इथल्या तोहोकु विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी १९२६ साली जगापुढे आणला. गंमत अशी, की जपानमध्येच त्याची फारशी कदर झाली नाही. १९४२ साली जपानी सैन्याने सिंगापूर घेतलं, तेव्हा त्यांच्या हाती ब्रिटिशांच्या रडारची टिपणं लागली. त्यात ‘यागी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. याचा अर्थ काय, असं पकडलेल्या ब्रिटिश सैनिकाला विचारलं, तेव्हा तो चकित होऊन म्हणाला की हे तर तुमच्याच प्राध्यापकांचं नाव! अभियंत्यांमध्ये हा किस्सा आजही सांगितला जातो. घरची विद्या घरी ओळखली नाही, की असं होतं!

लहर किती लांब?

अँटेना म्हणजे शेवटी काय? धातूचा तुकडा. त्यात वीज पुढे-मागे झुलली, की त्याच्याभोवती विद्युतचुंबकीय लहरी पसरतात. तळ्यात काठी वर-खाली हलवली की तरंग उठतात, तसंच. उलट, बाहेरून लहर आली की तुकड्यात वीज झुलू लागते. म्हणजे जो बोलतो, तोच ऐकतोही! जर्मनीतल्या हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८६ ते १८८८ या काळात प्रयोग करून हे दाखवून दिलं. आपल्या कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये अगदी आखूड, काही मिलिमीटरच्या लहरींवर प्रयोग केले होते, हेही लक्षात असू द्या.

तळ्यातल्या एका तरंगाच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी. रेडिओलहरींची तरंगलांबी काढणं सोपं आहे. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. एफएम रेडिओ १०० मेगाहर्ट्झवर असेल, तर लहर ३ मीटर लांब. मोबाइलची ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटर. ३००० मेगाहर्ट्झची लहर १० सेंटिमीटर, तुमच्या तळहाताएवढी!

साध्या अँटेनाची नळी साधारण अर्ध्या लहरीएवढी ठेवतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो, तशी या लांबीत वीज छान झुलते. पण यातच पुढच्या अडचणीचं बी आहे. नळी एका लहरीच्या मापाची कापली, की ती दुसऱ्या लहरीला नीट बसत नाही. दादाचा बूट धाकट्याला होत नाही, तसं!

एकीचं बळ

आता एक अँटेना सोडून आठ अँटेना एका रांगेत उभे करू या. अशा रांगेला अभियंते ‘अ‍ॅरे’ म्हणतात. आठही जणांना एकाच क्षणी तीच वीज दिली तर काय होईल? रांगेच्या अगदी समोर उभ्या असलेल्या माणसाकडे आठही लहरी एकदम पोचतात. माथ्यावर माथा येतो आणि जोर वाढतो. पण बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे काही लहरी आधी, काही उशिरा पोचतात. एकीचा माथा आणि दुसरीचा खळगा एकत्र आले, की दोघी एकमेकींना मिटवून टाकतात.

म्हणजे एकट्या अँटेनाची शक्ती आठांत वाटून दिली, तरी समोर जवळजवळ आठपट जोर मिळतो! ही जादू नाही बरं का. जास्तीची शक्ती कुठून आली नाही, बाजूला वाया जाणारी शक्तीच समोर वळवली गेली. दिव्याला आरसा लावून बॅटरीचा झोत करतात, तसा हा लहरींचा झोत.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, की लक्ष्मी रस्त्यावर याचा काय उपयोग. टॉवरने सगळीकडे एकदम ओरडण्याऐवजी एक झोत तुमच्याकडे आणि दुसरा झोत बहिणीकडे सोडला तर? दोन्ही झोत एकाच लहरीचे असले तरी एकमेकांच्या आड येणार नाहीत. एकाच नळाला दोन तोट्या!

मान न हलवता वळायचं

पण तुम्ही तर चालत आहात. मग टॉवरचा अँटेना दर क्षणी फिरवायचा कोणी? दादाला गच्चीवर बसवायचं का?

त्याची गरज नाही. शाळेच्या मैदानावर लेझीमची आठ मुलं एका रांगेत उभी करा. डावीकडच्या पहिल्याने चालायला सुरुवात करावी, दुसऱ्याने एक पाऊल उशिरा, तिसऱ्याने आणखी एक पाऊल उशिरा. थोड्या वेळाने बघा, रांग तिरकी झालेली असेल आणि तिचं तोंड उजवीकडे वळलेलं असेल. कुणाला उचलून फिरवावं लागलं नाही, फक्त सुरुवातीची वेळ बदलली!

अँटेनाच्या रांगेतही असंच करतात. जर्मनीचे फर्डिनांड ब्राउन यांनी १९०५ साली त्रिकोणात तीन अँटेना उभे केले आणि वीज पुढे-मागे सोडून लहरींची दिशा बदलून दाखवली. १९०९ साली त्यांना मार्कोनींच्या जोडीने नोबेल पारितोषिक मिळालं.

आता थोडं गणित करू. कागद-पेन्सिल घ्या. आपले आठ अँटेना एकमेकांपासून ५ सेंटिमीटर अंतरावर आहेत. लहर ३००० मेगाहर्ट्झची, म्हणजे १० सेंटिमीटरची. झोत ३० अंश उजवीकडे वळवायचा आहे. भूमिती सांगते, की प्रत्येक पुढच्या अँटेनाने मागच्यापेक्षा अडीच सेंटिमीटरएवढं मागे राहायला हवं. लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, ३० सेंटिमीटर जाते. मग अडीच सेंटिमीटरला लागेल नॅनोसेकंदाचा बारावा भाग. बस्स, तेवढाच उशीर!

इतका बारीक उशीर करण्यापेक्षा एक सोपी युक्ती आहे. अडीच सेंटिमीटर म्हणजे १० सेंटिमीटरच्या लहरीचा पाव भाग. मग प्रत्येक अँटेनाची लहर आधीच्यापेक्षा पाव लहर मागे सरकवायची. यासाठी छोटी विजेची मंडलं असतात. काम फत्ते!

खरंच फत्ते? थांबा.

रुंद पट्ट्याचं दुखणं

आजच्या फोनला फक्त बोलायचं नसतं. चित्रं, गाणी, व्हिडिओ, नकाशे, सगळं त्याच वाटेने यायचं असतं. वाट जितकी रुंद, तितका माल जास्त. म्हणून एकच लहर न वापरता लहरींचा रुंद पट्टा वापरतात. त्यालाच ब्रॉडबँड म्हणतात. समजा, आपल्या रांगेला ३००० ते ६००० मेगाहर्ट्झ एवढा सगळा पट्टा हवा आहे. मग काय काय बिघडतं ते बघा.

६००० मेगाहर्ट्झची लहर असते ५ सेंटिमीटरची. आपण पाव लहर सरकवायचं यंत्र लावून बसलो आहोत. पण ५ सेंटिमीटरची पाव लहर म्हणजे सव्वा सेंटिमीटरच! हिशेब केला तर झोत ३० अंशांऐवजी फक्त साडेचौदा अंश वळतो. म्हणजे एकाच संदेशाचा एक भाग तुमच्याकडे आणि दुसरा भाग शेजारच्या वडापावच्या गाडीकडे!

एवढ्यावर भागत नाही. ६००० मेगाहर्ट्झला अँटेनांमधलं अंतर नेमकं एका लहरीएवढं झालं आहे. त्यामुळे आणखी एका दिशेला सगळ्या लहरींचे माथे जुळतात आणि तिथेही तेवढाच दणकट झोत निघतो. आपल्या उदाहरणात तो डावीकडे साधारण ४९ अंशांवर येतो. तिकडे कुणीही आपलं नाही! अभियंते त्याला ‘ग्रेटिंग लोब’ म्हणतात. आपण त्याला भुताचा झोत म्हणू. हे भूत अर्धी शक्ती खातं आणि तिकडे उभ्या असलेल्या भलत्याच माणसाच्या बोलण्यात घुसतं.

भूत कागदावर पकडा

विश्वास बसत नाही? मग स्वतः करून पाहा. ट्रेसिंग पेपरचे चार तुकडे आणि कंपास घ्या.

पहिल्या दोन तुकड्यांवर मध्यबिंदू घेऊन १, २, ३, ४, ५ आणि ६ सेंटिमीटर त्रिज्येची वर्तुळं काढा. ही झाली लांब लहर. उरलेल्या दोन तुकड्यांवर दर अर्ध्या सेंटिमीटरला एक, अशी ६ सेंटिमीटरपर्यंत वर्तुळं काढा. ही झाली आखूड लहर. प्रत्येक वर्तुळ म्हणजे लहरीचा माथा.

आता लांब लहरीचे दोन तुकडे एकावर एक ठेवा, पण दोन मध्यबिंदूंमध्ये आडवं अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवा. खिडकीच्या काचेवर धरा. वर आणि खाली वर्तुळं एकमेकांवर बसलेली दिसतील : तिथे जोर. डावी-उजवीकडे मात्र एकाची वर्तुळं दुसऱ्याच्या बरोबर मधल्या जागेत आलेली दिसतील : तिथे लहरी मिटल्या. छान झोत तयार झाला!

आता आखूड लहरीचे तुकडे घ्या. मध्यबिंदूंमधलं अंतर तेच, अर्धा सेंटिमीटर. काय दिसतं? वर-खाली वर्तुळं जुळतातच, पण आता डावी-उजवीकडेही जुळतात! हेच ते भूत. अँटेना तेच, अंतर तेच, फक्त लहर बदलली आणि झोत फुटला.

मग करायचं काय?

शहाणे म्हणतील, “सोपं आहे! अँटेना आणखी जवळ आणा.” बरोबर! सगळ्यात आखूड लहरीच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे अडीच सेंटिमीटरवर आणले की भूत पळतं. पण मग तेवढ्याच लांबीच्या रांगेत आठाऐवजी सोळा अँटेना लागतात. खर्च वाढला. शिवाय शेजारी इतके जवळ आले, की एकमेकांची वीज ओढू लागतात. बाकावर सहा जण कोंबून बसवले, की एकाने कोपर हलवलं तरी सगळ्यांची अक्षरं बिघडतात, तसं! रांगेच्या मधल्या अँटेनाला दोन्हीकडे शेजारी असतात, टोकाच्याला एकाच बाजूला. म्हणून एकाच मापाचे असूनही ते वेगळे वागतात. दिलेली वीज नीट बाहेर न पडता काही भाग परत मागे येतो.

शास्त्रज्ञांनी यावर वेगवेगळ्या वाटा शोधल्या. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९५० च्या दशकात एक वेगळीच रांग तयार झाली. तिच्यात प्रत्येक नळी आधीच्या नळीच्या ठरावीक पटीने आखूड, समजा ०.९ पट. दिसायला थेट माशाचा काटा! लांब लहर आली की लांब नळ्या झुलतात, आखूड लहर आली की आखूड नळ्या. प्रत्येक पावलाला आपल्या मापाचा बूट मिळतो. हिला ‘लॉग-पीरियॉडिक’ अँटेना म्हणतात. १९७९ साली पीटर गिब्सन यांनी सनईच्या तोंडासारखी उमलत जाणारी फट धातूच्या पातळ पत्र्यात कापली. तिचं नाव ‘विवाल्दी’. फटीचा अरुंद भाग आखूड लहरींसाठी आणि रुंद भाग लांब लहरींसाठी.

तिसरी वाट तर फारच मजेशीर आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातले बेन मुंक म्हणाले, शेजारी एकमेकांची वीज ओढतात ना? मग त्यांना दूर ढकलायचं कशाला? मुद्दाम जवळ आणा, त्यांची टोकं जवळजवळ जोडा! मग सगळी रांग मिळून एक मोठी चादर असल्यासारखी वागते आणि लांब लहरीही तिच्यावर आरामात झुलतात. ज्याला शत्रू समजत होतो, त्यालाच मित्र केलं.

आणि झोत फाटण्याचं काय? तिथे दोन उपाय. एक, पाव लहर सरकवायची युक्ती सोडून खराखुरा उशीर करायचा. दुसरा, सगळा पट्टा शेकडो बारीक पट्ट्यांमध्ये कापायचा आणि प्रत्येक बारीक पट्टीचा हिशेब संगणकाने वेगळा करायचा. आजच्या यंत्रणांमध्ये हा दुसरा उपाय पुष्कळ वापरतात.

तार न कापता अँटेना

आता एक प्रश्न. सोळा अँटेना, प्रत्येकाची लांबी, जाडी, आकार आणि अंतर... हे सगळं तारा कापून-जोडून किती वेळा तपासणार? अख्खं आयुष्य जाईल!

म्हणून अभियंते आधी कागदावरचा, म्हणजे संगणकातला अँटेना बनवतात. याला मॉडेलिंग म्हणतात. त्यामागची कल्पना तुम्हाला नक्की समजेल. प्रत्येक तारेचे मनातल्या मनात छोटे तुकडे करायचे. समजा एका तारेचे ११. सोळा तारांचे झाले १७६ तुकडे. प्रत्येक तुकड्यातून किती वीज वाहते, ते आपल्याला माहीत नाही. म्हणजे १७६ अज्ञात संख्या. पण प्रत्येक तुकडा उरलेल्या सगळ्या तुकड्यांवर किती परिणाम करतो, ते भौतिकशास्त्राचे नियम सांगतात. त्यावरून १७६ समीकरणं तयार होतात.

दहावीच्या बीजगणितात क्ष आणि य काढायची एकसामयिक समीकरणं असतात ना? तीच ही! फक्त क्ष आणि य यांच्याऐवजी १७६ जण. अमेरिकेतल्या रॉजर हॅरिंग्टन यांनी १९६८ साली या पद्धतीवर पुस्तक लिहिलं आणि ती जगभर पसरली. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तयार झालेला ‘नेक’ नावाचा कार्यक्रम याच पद्धतीने चालतो आणि तो घरच्या साध्या संगणकावरही चालवता येतो.

पण आपला पट्टा रुंद आहे, हे विसरू नका. ३००० ते ६००० मेगाहर्ट्झमध्ये दर ५० मेगाहर्ट्झला तपासायचं म्हटलं, तर ६१ वेळा तीच समीकरणं सोडवायला हवीत. झोत सरळ असताना वेगळं, ३० अंशांवर वेगळं, ६० अंशांवर आणखी वेगळं. एक माप बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून! ३००० ला सुधारलं की ६००० ला बिघडतं. ब्रॉडबँड रांग बनवणं म्हणजे आखूड चादर पांघरण्यासारखं आहे. डोकं झाकलं की पाय उघडे. अभियंत्याचं कसब इथेच लागतं.

संगणकात सगळं जमलं, की मग खरा नमुना बनवतात आणि एका अजब खोलीत नेतात. तिच्या भिंतींवर, छतावर कोळशाची पूड मुरवलेल्या स्पंजचे सुळके लावलेले असतात. ते लहरी गिळून टाकतात, परत पाठवत नाहीत. तिथे अँटेना हळूहळू फिरवून प्रत्येक दिशेचा जोर मोजतात. संगणक चुकला असेल, तर तो इथे उघडा पडतो.

खोडदच्या तीस थाळ्या

अँटेनांची एक जगप्रसिद्ध रांग आपल्या महाराष्ट्रातच आहे. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस प्रचंड थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. ही आहे ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. चौदा थाळ्या मधल्या चौरसात आहेत आणि सोळा थाळ्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात. मधल्या थाळ्या सरळ रेषेत, सारख्या अंतरावर नाहीत, विखुरलेल्या आहेत. का, ते आता तुम्हीच सांगा! सारखं अंतर असलं की भूत येतं. अंतरं वेडीवाकडी असली, की त्याला माथे जुळवायला जागाच मिळत नाही.

या दुर्बिणीलाही रुंद पट्ट्याची गरज पडली. पूर्वी ती एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकायची. नवे अँटेना आणि नवी यंत्रं बसवल्यावर ती ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा एकदम ऐकू शकते. दुर्बीण तीच, पण कान कितीतरी मोठे झाले.

मात्र तिला एक धोका आहे आणि तो तुमच्या-माझ्या खिशात आहे. लाखो प्रकाशवर्षं दूरच्या आकाशगंगेकडून येणारी लहर इतकी क्षीण असते, की तिच्यापुढे जवळचा एक मोबाइल म्हणजे कानाशी वाजणारा ढोलच. म्हणून तिथे गेलात तर फोन बंद ठेवावा लागतो. शिवाय तिच्या नव्या पट्ट्यांमध्ये एक पट्टा ८५० मेगाहर्ट्झला संपतो आणि पुढचा १०५० ला सुरू होतो. मधल्या जागेत, ९०० च्या आसपास, मोबाइल बोलत असतात. हवा सगळ्यांची आहे. एकाने रेटून जागा घेतली, की दुसऱ्याचं ऐकणं बंद होतं. म्हणूनच जिथे हवा तिथेच जाणारा झोत फक्त फोनवाल्यांच्या सोयीचा नाही. जो भलतीकडे सांडत नाही, तो शेजाऱ्याची शांतताही राखतो.

परत लक्ष्मी रस्त्यावर

भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्ह-जी सेवा सुरू झाली. तिच्या टॉवरवर उंच, अरुंद पट्ट्यांऐवजी चौकोनी, जाडजूड पेट्या दिसतात. ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणाऱ्या अशा पेटीत पुष्कळदा १९२ छोटे अँटेना रांगा करून बसवलेले असतात आणि त्यांना ६४ स्वतंत्र वाटांनी वीज दिली जाते. इतके अँटेना एका जागी आणले, तर एकाच लहरीवर कितीतरी जणांशी एकदम बोलता येईल, हे थॉमस मार्झेटा यांनी २०१० साली गणिताने दाखवलं होतं. तुमचा फोन टॉवरला हाक मारतो. ती हाक प्रत्येक छोट्या अँटेनाकडे किंचित वेगळ्या वेळी पोचते. त्यावरूनच पेटी तुमची दिशा ओळखते आणि त्याच वेळा उलट्या लावून उत्तराचा झोत तुमच्याकडे सोडते. तुम्ही दोन पावलं सरकलात, की झोतही सरकतो.

म्हणजे गर्दीत फोन हमखास लागेलच का? तसं वचन कुणी देऊ शकत नाही. एकाच चौकात, एकाच दिशेला माणसं खच्चून भरली, की झोतही एकमेकांवर येतात. तोट्या वाढल्या तरी पाणी मोजकंच आहे. म्हणून मिरवणुकीला निघण्याआधी एक काम नक्की करा. हात सुटलाच तर कुठल्या चौकात, कुठल्या दुकानासमोर भेटायचं, ते ठरवून ठेवा. धाकटीच्या खिशात घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी द्या. आणि फोन नाही लागला तर छोटा संदेश पाठवून ठेवा. बोलण्याला वाट मोकळी राहावी लागते, संदेश मात्र जरा फट मिळाली की निसटतो.

पुढच्या वेळी टॉवरवरची ती चौकोनी पेटी दिसली, की क्षणभर थांबा. आत काय चाललं आहे, ते आता तुम्हाला ठाऊक आहे. छोटे छोटे अँटेना लेझीमच्या पथकासारखे रांगेत उभे आहेत, प्रत्येक जण आपली वेळ सांभाळतो आहे. एकट्याचा आवाज लहानच, पण वेळ साधली की तो नेमका हव्या त्या माणसापर्यंत पोचतो.

आणि हो, ट्रेसिंग पेपरचा प्रयोग आजच करा. मध्यबिंदूंमधलं अंतर पाव सेंटिमीटर केलं, तर आखूड लहरीचं भूत जातं का? आणि तेव्हा लांब लहरीचं काय होतं? उत्तर आम्ही सांगणार नाही. ते खिडकीच्या काचेवर तुम्हीच शोधा!